स्टाफवर विश्वास ठेवायचा तरी कसा? ८० रुपयांत सुरू झालेल्या लिज्जतकडून शिका



"सर, हल्ली भरवशाची माणसंच मिळत नाहीत." ट्रेनिंगमध्ये हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. एकेकाळी मीही हेच म्हणायचो. मग मालाडच्या माझ्या दुकानात एक प्रसंग घडला.

दिवाळीचा सीझन. रात्री गल्ला मोजला तर १,८०० रुपये कमी. काउंटरवरच्या मुलाला मी सगळ्यांसमोर विचारलं, "पैसे कुठे गेले?" तो गप्प. दुसऱ्या दिवशी आठवलं, दुपारी टेम्पोवाल्याला मीच गल्ल्यातून पैसे दिले होते आणि लिहायचं राहिलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, आम्ही चहाचे पैसे घेतले तरी वहीत लिहितो. तुम्ही लिहीत नाही." दिवाळी झाली आणि तो काम सोडून गेला.

संशय सगळ्यांसमोर घेतला, सॉरी मात्र कोपऱ्यात म्हटलं. माणूस गेला तो तिथेच.

आता असा धंदा बघा, जिथे माल रोज काम करणारीच्या घरी जातो आणि तिथे लक्ष ठेवायला कोणी नसतं.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली! १९६१ मध्ये आपल्या मालाडलाही शाखा काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. तरी त्या थांबल्या नाहीत. १९६८ मध्ये गुजरातमधल्या वालोडला शाखा निघाली. आज हजारो बायका या कामात आहेत, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे टिकलं कशावर? मला तीन गोष्टी दिसतात.

१. काटा सगळ्यांना सारखा. शाखेतून पीठ वजन करून न्यायचं, घरी लाटायचं, वाळवून परत आणायचं. परत वजन होतं, दर्जा बघितला जातो, मग लाटणीचे पैसे. तपासणी सगळ्यांचीच होते, त्यामुळे ती कोणाला अपमान वाटत नाही. फक्त एकाचीच झाली, तर तो संशय झाला.

२. चांगलं काम म्हणजे काय, हे आधीच ठरलेलं. सुरुवातीला स्वस्त आणि महाग असे दोन प्रकारचे पापड होते. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच दर्जा ठेवा आणि हिशोब चोख ठेवा. तुमच्या दुकानात "नीट पॅक कर" म्हणजे नक्की कसं, हे सगळ्यांना एकसारखं माहीत आहे का?

३. नफा-तोटा दोन्हींत वाटा. इथे प्रत्येक सभासद मालकीण असते. एकमेकींना त्या 'बहेन' म्हणतात. माल खराब गेला तर नुकसान आपलंच, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, "सर, मी काही दोन पोरांना दुकानाचा मालक करू शकत नाही." बरोबर आहे. पण उद्यापासून एवढं तरी करा:

- गल्ल्यातून पैसे घेतले की वहीत पहिली नोंद मालकाची.
- रात्री गल्ला दोघांनी मिळून मोजायचा, दोघांची सही.
- सीझनचा बोनस किती आणि कशावर ठरणार, ते सीझनच्या आधी सांगायचं.
- चूक दाखवायची ती एकट्याला. माफी मागायची ती सगळ्यांसमोर.

माझ्या दुकानात आज ती वही काउंटरवर उघडी असते. कोणीही बघावी. मधे एकदा मी २०० रुपये लिहायला विसरलो, तर नवीन मुलाने वही माझ्यापुढे सरकवली आणि हसला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आज रात्री तुमची वही काढा आणि बघा, त्यात तुमचं नाव किती वेळा आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत!