गोवर आणि शरीराची आठवण

आजच्या व्याख्यानाचा विषय रोगप्रतिकारशक्ती आणि लस असा जाहीर झालेला आहे. विषय अफाट आहे, एका बैठकीत सगळा होणार नाही. म्हणून आपण एकच आजार हातात धरू या, गोवर, आणि त्याच्या मागोमाग जात शरीराचं काम कसं चालतं ते बघू. गोवरच का? तर आपल्याकडे त्याच्याबद्दल एक समजूत घट्ट बसलेली आहे. "गोवर काय, सगळ्यांनाच निघतो. एकदा निघून गेला की मूल मोकळं झालं." काही घरांत तर याच्याही पुढचं ऐकायला मिळतं, की खरा गोवर येऊन गेलेलाच बरा, त्यानं अंगात ताकद येते, लसीची ताकद म्हणजे उसनी. या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा किती खोटा आहे याचा पुरावा अगदी अलीकडे हाती आला. दोन्ही अर्धे आपण तपासू.

आधी खरा अर्धा. उत्तर अटलांटिक समुद्रात फॅरो नावाची बेटं आहेत, डेन्मार्कच्या अखत्यारीतली. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तिथे गोवर पोचला. बेटांवर माणसं होती सुमारे ७,८००. काही महिन्यांत त्यांतली सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, लहान मुलं आणि चांगली चाळिशी-पन्नाशीची माणसंही. डेन्मार्क सरकारनं तिथे तरुण डॉक्टर पाठवले, त्यांतल्या पीटर पानुम यानं घरोघर हिंडून नोंदी केल्या. त्याच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. त्याआधी बेटांवर गोवर आला होता तो १७८१ साली, म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वी. तेव्हा ज्यांना तो होऊन गेला होता असे म्हातारे-म्हाताऱ्या अजून हयात होत्या, आणि या वेळी त्यांना काहीही झालं नाही. बरं, म्हातारपणामुळे वाचले म्हणावं, तर ज्या वृद्धांना १७८१ मध्ये गोवर झाला नव्हता, ते मात्र आजारी पडले.

म्हणजे बघा, मधली पासष्ट वर्षं बेटांवर गोवर नव्हता. आठवण ताजी करायला कोणी आलंच नव्हतं. तरी शरीराला लहानपणची ती एक भेट लक्षात होती. विषाणू म्हणजे काय हेसुद्धा तेव्हा कोणाला माहीत नव्हतं!

ही आठवण राहते कुठे? आपल्या शरीराचं संरक्षण दोन पदरी आहे. पहिला पदर जन्मजात: त्वचा, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल, आणि समोर येईल ते गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. हा पदर चटकन कामाला लागतो, पण तो ओळख ठेवत नाही. दहाव्यांदा आलेला जंतूही त्याला पहिल्यांदा आल्यासारखाच. दुसरा पदर ओळख ठेवणारा, आणि लसीचा सगळा खेळ याच पदरावर चालतो.

इथे एक गैरसमज बाजूला काढू. बहुतेकांना वाटतं की जंतू आला की शरीर त्याच्याकडे बघून, त्याच्या मापाचं शस्त्र घडवतं. तसं होत नाही. रस्त्याकडेला बसणारा चावीवाला डोळ्यासमोर आणा. तुमचं कुलूप बघून तो कानस घासतो आणि चावी बनवतो. आपलं शरीर याच्या उलट करतं. कुठलं कुलूप येणार हे माहीत नसताना ते अब्जावधी वेगवेगळ्या चाव्या आधीच घासून ठेवतं, आणि कुलूप आलं की त्यातली बसणारी चावी शोधतं. त्या चाव्या म्हणजे बी आणि टी या पांढऱ्या पेशींवरचे ग्राहक रेणू. प्रत्येक पेशीवर एकाच नमुन्याचे. एवढे नमुने येतात कुठून? आपल्या जनुकांचे काही तुकडे प्रत्येक पेशीत पत्ते पिसावेत तसे पिसले जातात. हे शोधून काढल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

पण अब्जावधी चाव्यांतली नेमकी चावी शोधायची तर भेटीची जागा लागते. ती जागा म्हणजे लसिका ग्रंथी. पायाला ठेच लागून जखम पिकली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. ती दुखरी गाठ म्हणजेच हा बाजार भरलेला असतो. आत जंतूचे तुकडे घेऊन आलेल्या पेशी असतात, आणि आपली चावी बसते का हे बघत हजारो पेशी त्यांना चाटून जात असतात. एखादीची बसली की ती विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत हजारो होतात. त्यांतल्या काही बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करून रक्तात सोडतात. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशीच मारून टाकतात. या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडा ते दोन आठवडे लागतात. आजारपण म्हणतो ते बरंचसं हेच दिवस.

लढाई संपल्यावर यांतल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या मागे राहतात. काही हाडांच्या मगजात ठाण मांडून वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं पाझरवत असतात, आणि काही स्मृतिपेशी बनून शरीरभर फिरत राहतात. तोच विषाणू पुन्हा आला की शोधाशोध नाही, काही दिवसांतच प्रतिकार जोरात. बऱ्याचदा आपल्याला कळतसुद्धा नाही. फॅरोच्या म्हाताऱ्यांकडे होती ती ही शिल्लक.

आता खोट्या अर्ध्याकडे येऊ. गोवराचा विषाणू श्वासावाटे आत जातो. फुप्फुसात त्याला गिळायला आणि पकडून न्यायला ज्या पेशी पुढे येतात, त्यांच्यातच तो शिरतो. म्हणजे पत्र घेऊन जाणाऱ्या पोस्टमनच्या सायकलवर चोरच बसला! त्या पेशी नेहमीच्या वाटेनं लसिका ग्रंथीत जातात, आणि तिथे विषाणूला हवं ते सापडतं. त्याला पेशीत शिरायला एक ठरावीक दार लागतं, आणि ते दार स्मृतिपेशींवर मुबलक असतं. ताप येण्याआधीच तो या पेशींतून शरीरभर पसरलेला असतो. शरीराला शेवटी जाग येते आणि त्याच्या टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारत सुटतात. अंगावरचं लाल पुरळ हे त्वचेत चाललेल्या याच मारामारीचं. "गोवर बाहेर पडला की बरं" या जुन्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे; प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेल्या मुलांत पुरळ उमटतही नाही. पण मारल्या गेलेल्या पेशी कोणत्या होत्या? इतर आजारांच्या आठवणी सांभाळणाऱ्या.

याची चाहूल फार पूर्वी लागली होती. क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातल्या डॉक्टरनं १९०८ साली नोंदवलं होतं, की क्षयाची त्वचा-चाचणी ज्या मुलांत सकारात्मक येत असे, त्यांना गोवर झाला की तीच चाचणी काही काळ नकारात्मक येते. क्षयाचे जंतू गेलेले नव्हते, शरीराला त्यांची ओळख पटेनाशी झाली होती. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, २०१९ मध्ये, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर होण्याआधीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या नमुन्यांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. त्याआधी २०१५ च्या एका विश्लेषणात इंग्लंड-वेल्स, डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या मृत्यूंच्या जुन्या आकडेवारीवरून दिसलं होतं, की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं मुलं इतर संसर्गांनी जास्त दगावतात.

थोडं थांबून याचा अर्थ लावू. गोवर होऊन गेलेल्या मुलाला गोवराची आठवण मिळते, जन्मभराची. त्या एका आठवणीसाठी ते बाकीच्या वहीची पानं फाडून देतं. वर्षभरानं त्याला न्यूमोनिया झाला तर दोष थंडीला जातो, पाण्याला जातो. गोवराचं नाव कोणी घेत नाही. "येऊन गेलेला बरा" म्हणणाऱ्यांना हा हिशोब दिसलेला नसतो, कारण तो इतक्या उशिरा येतो. आमच्या मते तर गोवराबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती सांगितली जाते सगळ्यात कमी.

मग लस काय करते? १९५४ मध्ये बॉस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला. तो प्रयोगशाळेत पेशींमागून पेशींत वाढवत नेला, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींतही. तिथे रुळता रुळता तो माणसाच्या शरीरात दुबळा झाला. १९६३ मध्ये त्याच्यापासून पहिली लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत जो एडमन्स्टन-झाग्रेब वाण असतो, त्याचं मूळ तोच मुलगा. हा दुबळा विषाणू थोडासा वाढतो, लसिका ग्रंथींत बाजार भरवतो, गोवराची स्मृतिपेशी तयार होते. पण तो खऱ्या गोवरासारखा शरीरभर उधळत नाही, त्यामुळे बाकीची वही शाबूत राहते. काही मुलांना आठवड्याभरानं ताप येतो, क्वचित पुरळही. तो आजार नव्हे, शिकवणी चालू असल्याची खूण.

पालक हमखास विचारतात: इतकी चांगली आहे तर जन्मतःच का देत नाहीत? कारण आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे आलेली असतात. ती काही महिने बाळाला राखतात, पण लसीतल्या विषाणूलाही वाढू देत नाहीत. शिकवणीलाच सुट्टी. म्हणून आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, उजव्या दंडावर, आणि त्याच वेळी अ जीवनसत्त्वाचा डोस तोंडावाटे.

आणि दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. याला लोक बूस्टर म्हणतात आणि म्हणून टाळतात: "एक झालाय, आता घाई काय?" खरं कारण वेगळं आहे. नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या सुमारे ८५ मुलांनाच लागू पडतो, काहींच्या अंगात आईची प्रतिपिंडं उरलेली असतात. तुमचं मूल उरलेल्या पंधरांत आहे का हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्या पंधरांसाठी असतो.

आता गावाचा हिशोब करू. गोवराचा एक रुग्ण, सगळेच असुरक्षित असतील तर, बारा ते अठरा जणांना लागण देतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर मूल वेगळं ठेवणं योग्य असलं तरी उशिराचं असतं. एवढ्या पसरणाऱ्या आजाराला अडवायचं तर शंभरातली ९५ मुलं सुरक्षित लागतात. समजा वस्तीतल्या ९० टक्के मुलांना एकच डोस मिळाला. ऐकायला छान वाटतं. पण नव्वदांचे ८५ टक्के म्हणजे ७६-७७. तेवीस-चोवीस मुलं उघडीच. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवराची साथ सुरू झाली आणि मुलं दगावली, त्यामागे करोनाकाळात राहून गेलेले डोस होते. तिथे लहानशा खोलीत माणसं दाटीनं राहतात, हवा खेळत नाही. अशा ठिकाणी तेवीस उघडी मुलं फार झाली.

एक चिठ्ठी आलेली आहे: "आमच्या मुलाला गोवर निघून गेला. आता लस द्यायची का?" द्यायची. ताप आणि पुरळ म्हणजे दर वेळी गोवरच असतो असं नाही, रुबेलाही तसाच दिसतो, इतरही काही. रक्त तपासल्याशिवाय खात्री नसते. लसीत रुबेलाचाही भाग आहे. खरोखर गोवर झालेला असेल तरी लसीनं अपाय होत नाही. गोवरामुळे पुसलेल्या आठवणींसाठी इतर लसी पुन्हा द्याव्यात का, हा विचार २०१९ चा तो अभ्यास करणाऱ्यांनी मांडलेला आहे, पण तसा सरसकट नियम झालेला नाही. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जाताना लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, आणि गोवर कोणत्या महिन्यात झाला होता ते त्यांना सांगा. कार्ड हरवलं असेल तर जिथे डोस घेतले त्या केंद्रावर नोंद मिळते का बघा. पुढची चिठ्ठी घेऊ.