पॉवर पेट्रोलने ॲव्हरेज वाढतं का? टाकी फुल करण्याआधी हा हिशोब करा



डिलिव्हरीच्या खर्चावरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, गाडीत साधं टाकू की पॉवर?" चऱ्होलीतून मोशी, भोसरी, चाकणला माल पोचवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हा प्रश्न असतो. नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अर्धा-अर्धा तास रांगते, ॲव्हरेज पडतं आणि पंपावरचा मुलगा विचारतो, "साहेब, प्रीमियम टाकू?" थकलेला माणूस 'टाक' म्हणून मोकळा होतो.

तो 'टाक' वर्षाला कितीला पडतो, ते आज बघू.

आधी आकडा, मग इंजिन

पंपावरचे भाव बदलत असतात, म्हणून आपण सोयीचे आकडे धरू. तुम्ही तुमचे टाका.

- साधं पेट्रोल: १०५ रुपये लिटर
- प्रीमियम: ११३ रुपये लिटर
- महिन्याचं रनिंग: १,५०० किलोमीटर
- गाडीचं ॲव्हरेज: १५

महिन्याला लागलं १०० लिटर. लिटरमागे ८ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपये.

आता हा खर्च नुसता भरून निघायला ॲव्हरेज किती व्हायला हवं? १५ ला ११३ ने गुणा आणि १०५ ने भागा. उत्तर आलं १६.१४. याचा अर्थ गाडीने १६ दिलं तरी तुम्ही तोट्यातच. "थोडं वाढल्यासारखं वाटतंय" यावर धंदा चालत नाही. भाव साडेसात टक्के जास्त, तर ॲव्हरेजही तेवढंच वाढलं पाहिजे. फायदा त्याच्यानंतर सुरू होतो.

आणखी एक गोष्ट. तुमचं निव्वळ मार्जिन ८ टक्के असेल, तर ९,६०० रुपये कमवायला १ लाख २० हजारांचा माल विकावा लागतो. तेवढी विक्री फक्त पेट्रोलच्या नावापायी!

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही

एक्सपी ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० या नावांतला आकडा ऑक्टेनचा. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० आणलं, तेव्हा पहिल्या शहरांत आपलं पुणेही होतं. १०० आकडा बघून वाटतं, यात जोर जास्त असणार.

पण ऑक्टेन सांगतं एवढंच, की इंजिनमध्ये दाब वाढल्यावर पेट्रोल वेळेआधी पेटायला किती विरोध करतं. वेळेआधी पेटलं की इंजिन टकटक करतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतो. ज्या इंजिनात दाब फार जास्त, म्हणजे काही टर्बो गाड्या आणि जोरदार स्पोर्ट्स बाइक, तिथे जास्त ऑक्टेन कामाचं. जे इंजिन साध्या पेट्रोलसाठीच बनवलंय, त्याला वरच्या ऑक्टेनचा उपयोग करून घेता येत नाही.

शिवाय साधं पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. बीएस-सिक्समध्ये किमान ऑक्टेन ९१ आहे आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते सुमारे ९५ होतं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

"पण ई-ट्वेंटीने ॲव्हरेज पडलं ना?"

हो, पडू शकतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज दिलाय: बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून ई-टेनला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-टेनसाठी बनवून ई-ट्वेंटीला जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के.

ही घट ऊर्जेची आहे, ऑक्टेनची नाही. नावात ९५ आहे म्हणजे इथेनॉल नाही, असं धरू नका. पंपावर सरळ विचारा.

ॲडिटिव्हचं काय?

इथे थोडं तथ्य आहे. प्रीमियममध्ये सफाईची रसायनं असतात. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी बसली असेल तर ती कमी होते. अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनधारकांच्या संस्थेने २०१६ मध्ये चाचणी केली. तिथे चांगल्या सफाई रसायनांच्या पेट्रोलच्या तुलनेत साध्या दर्जाच्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त काजळी धरली. त्याच वर्षी त्याच संस्थेने हेही सांगितलं, की साध्या पेट्रोलच्या गाडीत जास्त ऑक्टेनचं टाकून ना ताकद वाढली, ना ॲव्हरेज. तरी वर्षभरात १ कोटी ६५ लाख अमेरिकन चालकांनी त्यावर २१० कोटी डॉलर उडवले होते. तिथलं पेट्रोल वेगळं, म्हणून आकडे जसेच्या तसे इथे लावू नका; मुद्दा घ्या.

सफाईने गेलेलं ॲव्हरेज परत येऊ शकतं. पण गाडी मुळात १५ ची असेल तर ती १८ ची होत नाही. दुकानात मिळणाऱ्या बाटलीलाही हाच नियम. बाटलीची किंमत वर्षाच्या खर्चात मांडा आणि मगच घ्या.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा

१. एकच पंप ठरवा. नोझल ऑटो-कट झालं की थांबा, वरून भर घालू नका.
२. आधी तीन टाक्या साधं, मग तीन प्रीमियम, मग पुन्हा तीन साधं.
३. प्रत्येक वेळी किलोमीटर आणि लिटर वहीत लिहा. रूट आणि माल शक्यतो तोच ठेवा.
४. ड्रायव्हरला सांगू नका. महागडं पेट्रोल आहे कळलं की माणूस आपोआप जपून चालवतो आणि श्रेय पेट्रोलला जातं.
५. शेवटच्या तीन टाक्यांतही ॲव्हरेज तेवढंच राहिलं, तर फरक पेट्रोलचा नव्हता. ऋतूचा, ट्रॅफिकचा किंवा सफाईचा होता.

माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ते मागून तपासणं हा तुमचा हक्क आहे.

मग टाकायचं कधी?

मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर ९५ किंवा जास्त लिहिलं असेल तर टाका. चढाला, लोडवर इंजिन टकटक करत असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा, मग ठरवा. बाकी डिलिव्हरीच्या गाडीला साधं पुरे.

पैसे खरंच वाचवायचे असतील तर टायरमधली हवा दर आठवड्याला बघा. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते योग्य हवेने ॲव्हरेज सरासरी ०.६ टक्के, तर काही वेळा ३ टक्क्यांपर्यंत सुधारतं. गाडीत उगाच पडून राहिलेला ४५ किलो माल साधारण १ टक्का खातो. रिकामे क्रेट, परत आलेला माल संध्याकाळीच उतरवा. आणि मोशीच्या दोन ऑर्डर असतील तर दोन फेऱ्या मारू नका. न मारलेल्या फेरीइतकं ॲव्हरेज कुठलंच पेट्रोल देत नाही.

आजच वही घ्या आणि पहिली एंट्री करा. नऊ टाक्या झाल्या की तुमची गाडी, रूट आणि तिन्ही सरासऱ्या कमेंटमध्ये लिहा. आकड्यावर बोलू!