आटपाडीतला एक शांत दिवस

मी भिवंडीजवळच्या टेमघरचा. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी आमच्या गावात शुद्ध होते आणि भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जाते. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला शांततेचे अप्रूप असते. पण २०१३च्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत एक दिवस काढला, त्या दिवशीची शांतता अंगावर आली.

आटपाडी माणगंगेच्या खोऱ्यात आहे. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. इथे सरासरी पाचशेच्याही आत, आणि त्यातला बराचसा परतीचा. तो चुकला की रब्बी गेलीच म्हणून समजा. त्या वेळी सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता.

दुकाने उघडी होती, गिऱ्हाईक नव्हते. या भागातली अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी फार पूर्वीच देशभर पांगलेली. जी मागे राहिली, त्यांच्यातली कर्ती माणसे जनावरांबरोबर चारा छावणीत. गावात म्हातारी माणसे आणि टँकरच्या वाटेकडे तोंड करून मांडलेल्या घागरी.

चहाच्या हॉटेलात मालकाने पाण्याचा पेला अर्धाच भरून ठेवला. म्हणाला, "पाव्हणं, एवढं प्या. लागलं तर आणिक देतो." कंजूषपणा नव्हता तो. भरलेल्या पेल्यातले उरलेले पाणी फेकावे लागते, ते त्याला बघवत नव्हते.

मात्र हे गाव नशिबाला बोल लावून बसलेले नाही. १९९३ साली इथेच पाणी संघर्ष परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारखी माणसे तिच्या मागे उभी राहिली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी तालुक्यांना द्यावे, ही मागणी होतीच. पण त्यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा होता: आलेले पाणी वाटायचे कसे? चळवळीचे म्हणणे, वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबावर ठरावा. भूमिहीनालाही तो मिळावा. पुढे टेंभूचे पाणी आले. उघड्या पाटांऐवजी बंदिस्त नळांनी ते शेतापर्यंत नेण्याचे कामही याच तालुक्यात झाले.

हा प्रश्न फक्त कमी पावसाच्या मुलखाचा नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. पाऊस धो धो, तानसा आणि भातसा धरणे तिथलीच, मुंबईची तहान भागवणारी. तरी उन्हाळा आला की तिथल्या पाड्यांना टँकर लागतो. आटपाडीत पाणी नव्हते म्हणून लोकांनी वाटपाचा विचार केला. आमच्याकडे पाणी डोळ्यांसमोरून वाहते. म्हणूनच बहुधा तो विचार करायचा राहून गेला आहे.