आधी कागदावर, मग जमिनीवर

घर लहान असो वा मोठे, ते सोयीचे असावे असे प्रत्येकाला वाटते. कुणाला स्वयंपाकघरात ओटा हवा असतो, कुणाला गळके छप्पर बदलायचे असते, तर कुणाला घराच्या मागे न्हाणीघर बांधायचे असते. अशी कामे दिसायला छोटी असतात. पण घरच्या माणसांनी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे त्यांत खर्च होतात. म्हणून काम छोटे असले, तरी त्याचा विचार नीट करावा लागतो.

मुलांनो, विचार न करता काम सुरू केले तर काय होते, ते तुम्ही आजूबाजूला पाहिले असेल. भिंती उभ्या राहतात आणि छपराच्या वेळी पैसे संपतात. मग पावसाळाभर त्या भिंती भिजत राहतात. कुठे गिलावा झाल्यावर नळाच्या पाइपाची आठवण होते आणि नवी भिंत छिन्नीने फोडावी लागते. कुठे फरशीचा उतार चुकतो. पाणी साचते, शेवाळ धरते आणि घरातील म्हातारे माणूस घसरून पडते. कागदावरची रेघ खोडता येते. सिमेंट एकदा घट्ट झाले की ते फोडावेच लागते. म्हणून जाणते लोक म्हणतात, काम आधी कागदावर करावे, मग जमिनीवर.

हे कसे करायचे, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, तुमच्या घराच्या मागे थोडी मोकळी जागा आहे आणि तेथे न्हाणीघर बांधायचे ठरले आहे. अब्बा, अम्मी, दादी सगळे एकत्र बसले आहेत. पहिला प्रश्न पैशांचा नाही. पहिला प्रश्न असा, की ही खोली कोण वापरणार आणि कशी? दादीचे गुडघे दुखत असतील, तर उंबरा उंच नको. भिंतीला धरायला दांडी हवी. फरशी गुळगुळीत नको, खरखरीत हवी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे. आत कुणी चक्कर येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्या माणसाला अडते आणि मदत लवकर पोहोचत नाही. या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. त्या फक्त वेळेवर सुचाव्या लागतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. स्वच्छ पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार? जवळ गटार असेल, तर ते न्हाणीघराच्या फरशीपेक्षा खाली आहे का, हे पाहावे. पाणी वर चढत नाही. गटार नसेल, तर दगडविटांचे तुकडे भरलेला शोषखड्डा करता येतो. तो विहिरीपासून आणि घराच्या पायापासून दूर असावा.

तिसरा प्रश्न परवानगीचा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी चौकशी करावी. घर भाड्याचे असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी. शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत लागणार असेल किंवा आपल्या छपराचे पाणी त्याच्या अंगणात पडणार असेल, तर त्याच्याशी आधीच बोलावे.

आता वही आणि पट्टी घ्या. न्हाणीघर आतून ५ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे असे धरू. त्याची एक लांब बाजू घराच्या भिंतीला लागून आहे. म्हणजे नव्या भिंती तीनच: ४ फूट, ५ फूट आणि ४ फूट. एकूण १३ फूट. उंची ७ फूट असल्याने भिंतींचे क्षेत्रफळ ९१ चौरस फूट झाले. दाराची जागा सुमारे १६ चौरस फूट वजा केली, तर ७५ चौरस फूट उरतात. साडेचार इंच जाडीच्या भिंतीत एका चौरस फुटाला साधारण ५ विटा लागतात. म्हणजे ३७५ विटा झाल्या. काही विटा फुटतात, म्हणून ४० जास्त धरा. एकूण ४१५. पायाच्या विटा वेगळ्या. विटेचा आकार गावोगाव बदलतो, म्हणून आपल्या गावची वीट मोजूनच हिशेब करावा. कोकणात विटांऐवजी जांभ्याचे चिरे वापरतात. तेथे चिऱ्याचे माप घ्यावे.

अशीच यादी सिमेंट, वाळू, खडी, पत्रे, पाइप, दार आणि फरशी यांची करावी. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. वाळू ब्रासच्या मापाने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता नदीची वाळू सहज मिळत नाही, म्हणून दगड भरडून केलेली वाळू पुष्कळ ठिकाणी वापरतात. प्रत्येक वस्तूपुढे बाजारभाव लिहावा आणि बेरीज करावी. त्या बेरजेत तिचा दहावा भाग आणखी मिळवावा. ही रक्कम बाजूला ठेवायची असते. पाया खणताना मोठा दगड लागला किंवा भाव वाढला, तर ती उपयोगी पडते. इतके करूनही बेरीज आपल्या ऐपतीबाहेर गेली, तर निराश होऊ नये. रंग, चकचकीत फरशी पुढच्या वर्षी करता येईल. पाया, छप्पर आणि सांडपाण्याची वाट यांत मात्र काटकसर करू नये.

येथे एक गंमत सांगतो. या कामातील कितीतरी मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूतील नक्शा मराठीत नकाशा होतो, अंदाजा अंदाज होतो आणि हिसाब हिशेब होतो. मजदूर म्हणजे मजूर आणि हाजरी म्हणजे हजेरी. खर्च, रक्कम, दरवाजा हे शब्द तर दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. म्हणून मराठी बोलणाऱ्या गवंड्याशी बोलताना संकोच करू नका. निम्मे शब्द तुम्हाला येतातच!

काम देण्यापूर्वी दोनतीन गवंड्यांना भेटावे. त्यांनी आधी केलेले काम पाहावे. मजुरी फक्त कामाची, की मालासह, हे स्पष्ट विचारावे. काय करायचे, किती दिवसांत करायचे आणि किती पैशांत करायचे, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. सगळे पैसे आधी देऊ नयेत. पाया झाला, भिंती झाल्या, छप्पर झाले, अशा टप्प्यांनी द्यावेत. पण ठरलेला टप्पा पूर्ण झाला, की कष्टाचे पैसे अडवूनही ठेवू नयेत. गवंडी आणि बिगारी यांचीही घरे त्या मजुरीवर चालतात.

दिवस निवडतानाही विचार हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. कोकणात तो फार जोराचा असतो. म्हणून पाया आणि छप्पर पावसाळ्यापूर्वी व्हावे. रमजान आणि ईद केव्हा आहे, हेही पाहावे. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून या तारखा दरवर्षी अलीकडे सरकतात. गवंडी सुट्टीवर जाणार असेल, तर ते आधी कळलेले बरे. या सगळ्या कामाला महिनाभर लागेल असे धरावे. तेवढे दिवस घरातल्यांनी आंघोळ कोठे करायची, तेही ठरवावे.

माल घरी आला, की तो तपासून घ्यावा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या, तर खणखणीत आवाज यायला हवा. चांगल्या विटेवर नखाने ओरखडा उठत नाही. वाळूत माती किती आहे, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घाला. बाटली जोराने हलवून ठेवून द्या. काही तासांनी वाळू खाली बसेल आणि मातीचा थर तिच्यावर दिसेल. तो थर जाड असेल, तर ती वाळू घेऊ नये. सिमेंटच्या गोणीवर ते केव्हा तयार झाले ते छापलेले असते. फार जुने सिमेंट घेऊ नये. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. ओल लागली, की सिमेंटचे खडे होतात.

आता आखणी. गवंडी दोरी बांधून कोपरे आखतो. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे तो कसे ओळखतो? एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करतो. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले, की कोपरा काटकोन झाला. भूमितीच्या पुस्तकात तुम्ही पायथागोरसचा सिद्धांत शिकता, तोच हा! भिंत सरळ उभी आहे का, हे तो ओळंब्याने पाहतो. दोन टोके एका पातळीत आहेत का, हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पाहतो.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी पाया, मग जमिनीखालून जाणारा सांडपाण्याचा पाइप. नंतर भिंती, मग छप्पर. त्यानंतर भिंतीतले नळाचे पाइप आणि विजेची नळी. मग गिलावा, फरशी, दार आणि शेवटी रंग. हा क्रम लक्षात ठेवायला एक साधा नियम आहे: जे पुढे झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी तपासावे. गिलाव्याच्या आधी पाइपांत पाणी भरून एक दिवस ठेवावे. कोठे थेंब दिसला, तर त्याच वेळी दुरुस्त करावा. विजेचे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. दिव्याचे बटण न्हाणीघराच्या बाहेर असावे. ओल्या हाताने बटण दाबणे जिवावर बेतू शकते.

फरशीचा उतार विसरू नका. साधारण ६० इंचांना १ इंच उतार लागतो. आपली खोली ५ फूट, म्हणजे ६० इंच लांब आहे. म्हणून एका टोकापासून मोरीच्या तोंडापर्यंत १ इंच उतार हवा. फरशी घट्ट होण्यापूर्वी मोजून घ्यावा. काम झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते सगळे मोरीकडे गेले पाहिजे.

शेवटी सिमेंटबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पुष्कळांना वाटते, की सिमेंट वाळले की घट्ट होते. हे खरे नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यामुळे ते घट्ट होते. ही क्रिया बरेच दिवस चालते. मध्येच पाणी सुकले, तर क्रिया थांबते आणि भिंत कच्ची राहते. म्हणून भिंतीला आणि गिलाव्याला निदान ७ दिवस पाणी मारावे. उन्हाळ्यात ओली पोती टाकावीत. विटाही रचण्यापूर्वी भिजवतात, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातले पाणी पिऊन टाकते. मात्र मसाला कालवताना जास्त पाणी घालू नये. त्याने ताकद कमी होते. कालवलेला मसाला लवकर वापरावा. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये.

मुलांनो, यात तुमचे काम कोणते? खणलेल्या खड्ड्याजवळ खेळू नका आणि ओल्या सिमेंटला हात लावू नका, त्याने कातडी भाजते. पण सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाणी मारणे तुम्ही करू शकता. त्याहून मोठे काम म्हणजे वही सांभाळणे. तारीख, आलेला माल, हजेरी, दिलेले पैसे आणि बाकी, असे पाच रकाने पाडा. रोज संध्याकाळी अब्बांना विचारून ते भरा. महिन्याच्या शेवटी खर्च कोठे वाढला आणि कोठे वाचला, हे त्या वहीतून कळेल.

न्हाणीघर पूर्ण होईल, तेव्हा लोक रंग आणि फरशी पाहतील. पाया, पाइप आणि उतार यांच्याकडे कुणाचे लक्ष जाणार नाही. पण दादी पहाटे वजू करायला निर्धास्तपणे आत जाईल आणि न घसरता बाहेर येईल. त्या दिवशी तुमच्या वहीचे चीज होईल.

शब्दार्थ
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर
बिगारी – गवंड्याला मदत करणारा मजूर
गिलावा – भिंतीवर दिलेला सिमेंट-वाळूचा थर
ओळंबा – भिंत सरळ आहे का हे पाहण्याचे, दोरीला वजन बांधलेले साधन
ऐपत – खर्च करण्याची ताकद
चीज होणे – श्रमांचे चांगले फळ मिळणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूला उघडावे?
(आ) एक ब्रास म्हणजे किती घनफूट?
(इ) गिलाव्याच्या आधी काय तपासावे?
२. कारणे लिहा.
(अ) विटा रचण्यापूर्वी भिजवतात.
(आ) खर्चाच्या बेरजेत दहावा भाग आणखी मिळवावा.
३. या पाठातील उर्दूशी जुळणारे शब्द शोधून त्यांची यादी करा. प्रत्येकाचा मराठीत वाक्यात उपयोग करा.
४. उपक्रम : तुमच्या घरातील एखादी दुरुस्ती निवडा. घरच्यांना विचारून तिचा नकाशा, सामानाची यादी आणि खर्चाचा अंदाज तयार करा.