उसनी खिडकी

आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर एका दिवंगत गुरुजींच्या व्याख्यानाची यूट्यूबवरील चित्रफीत आम्ही बसविली होती. ‘शेअर’मधील ‘एम्बेड’ निवडून मिळणारा मजकूर पानात घातला, की काम होते. त्यातील रुंदी-उंचीचे आकडे बदलता येतात. चित्रफितीच्या पत्त्यात ‘स्टार्ट’पुढे ९० लिहिल्यास ती दीड मिनिटापासून सुरू होते.

एके दिवशी चौकट रिकामी दिसली. मूळ चित्रफीतच काढून टाकण्यात आली होती. तेव्हा उमगले, की चित्रफीत राहते यूट्यूबच्याच संग्रहात. आपल्या पानावर असते ती तिकडे उघडणारी खिडकी. सादरीकरणात बसविलेली चित्रफीतही इंटरनेटवाचून मुकीच.

वाचकहो, वडीलधाऱ्यांचा आवाज जपावयाचा, तर खिडकी अवश्य ठेवावी. परंतु मालकाच्या संमतीने मूळ प्रत आपल्यापाशी असू द्यावी.