जुनी नौका पाण्यात सोडण्यापूर्वी

मंडळी, रोहिणखेडात बसून समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे जरा धाडसच. आपल्याला पाणी ठाऊक आहे ते विहिरीचं आणि नळगंगा धरणाचं. पण जुनी वस्तू पारखून घेणं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, विकणाऱ्याच्या बोलण्यावर थांबत नाही. वापरलेली शिडाची नौका घेणाऱ्यालाही हेच करावं लागतं. फरक एवढाच, की तिथली चूक किनाऱ्यापासून लांब गेल्यावर कळते.

वापरलेली नौका म्हणजे टाकाऊ, असं मात्र समजू नका. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरने ‘तृष्णा’ नावाची जी 37 फुटी नौका घेतली, ती वापरलेलीच होती. 1985 मध्ये ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीला वळसा घालून 1987 मध्ये मुंबईला परतली. तेव्हा प्रश्न नौका नवी की जुनी हा नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न आहे. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाच्या अशा साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात. त्यांतली तीन आज पाहू: शब्द, अनुमान आणि प्रत्यक्ष.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशी नौका घेतली. फायबरची, 27 फुटांची. मुंबईत पावसाळ्याआधी या नौका बाहेर काढून ठेवतात आणि पावसाळा सरला की पाण्यात सोडतात. त्याआधीच्या तयारीला त्याने आम्हाला हौसेने बोलावलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाच्या हातात हातोडी कोण देणार? आमच्या हातात यादी दिली.

पहिलं शब्दप्रमाण. विकणाऱ्याने एक वही दिली होती. रंग कधी लावला, दोर कधी बदलले, इंजिन कधी उघडलं, सगळं तारीखवार. अशी वही मोलाची असते. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. विकणारा पहिली अट पुरी करतो. दुसरीची खात्री कोण देणार?

म्हणून अनुमान. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं आपण ताडतो. आपण मडकं वाजवून घेतो, तसा नौकेचा तळ लहान हातोडीने ठोकत जातात. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आतले थर सुटले असण्याची शंका घ्यायची. रंगाखाली बारीक फोड दिसले तर फायबरमध्ये पाणी मुरलं असावं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून कापसाचा बोळा फिरवतात. कापूस अडकला, की तिथे एखादा तंतू तुटलेला आहे. एकच तंतू तुटला तरी अख्खी तार बदलतात, कारण उरलेल्या तंतूंनीही तितकीच वर्षं तोच ताण सोसलेला असतो.

आणखी एक गंमत पाहा. पाण्याखालच्या धातूच्या भागांना जस्ताचा एक तुकडा जोडलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले गेले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक झिजू लागतो. जस्त आधी झिजतं, म्हणून पितळ-कांसं वाचतं. अर्धवट झिजलेलं जस्त दिसलं तर आनंद मानायचा. वर्षभर पाण्यात राहूनही ते कोरं करकरीत असेल तर काळजी करायची, कारण बहुधा त्याची जोडणीच तुटलेली असते.

तिसरं प्रत्यक्ष. नौकेच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिन थंड करायला पाणी आत घ्यायला, बेसिनचं पाणी बाहेर सोडायला. प्रत्येक भोकावर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला रबरी नळी, नळीवर शक्यतो दोन क्लिपा. शेजारी दोरीने बांधलेली लाकडी गुडदी; नळी सुटली आणि व्हॉल्व्ह अडकला, तर ठोकून बसवायला. आम्ही प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवायचा, नळी वाकवून पाहायची आणि खूण करायची. अशा सात जागा होत्या. सातवी इंजिनच्या मागे. तिथे उताणं पडून हात घालावा लागे. आमचे गुडघे दुखत होते. वहीत लिहिलं होतं, ‘नळी नवी’. आम्ही खूण केली.

दुसऱ्या दिवशी क्रेनने नौका पट्ट्यांत उचलून पाण्यावर टेकवली. अशा वेळी पट्टे लगेच सोडत नाहीत. आधी कोणीतरी आत उतरून प्रत्येक जागा पाहतो. विद्यार्थी टॉर्च घेऊन उतरला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “सर, सातवी पाहिली होती ना?”

नळीला चीर होती. पाणी आत येत होतं. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, पाणी थांबलं.

आम्ही म्हटलं, “पाहिली नव्हती. वाचली होती.”

तीस वर्षं आम्ही वर्गात प्रमाणं शिकवली, आणि दुखऱ्या गुडघ्यापायी शब्दाला प्रत्यक्षाच्या जागी बसवलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “म्हणून तर पट्टे सोडत नाहीत, सर.”

मंडळी, हे वाक्य आम्हाला कोणत्याच ग्रंथाने इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. चांगली रीत माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी नसते. माणूस कुठेतरी चुकणार, हे धरूनच ती बांधलेली असते. पण म्हणून आपली खूण खोटी असली तरी चालेल, असं होत नाही. पट्टे एकदाच असतात. समुद्रात गेल्यावर उरते ती यादी, आणि तिच्यावर विसंबलेली माणसं.

नळी त्याच दिवशी बदलली. या वेळी आम्ही उताणे पडलो, हात घातला, नळी वाकवून पाहिली, दोन्ही क्लिपा चाचपल्या. मग जुनी खूण खोडून नवी केली.