छपराखालची शर्यत

मैत्रिणींनो, बाहेर बर्फ साचलेलं असताना पळायचं कुठं? अमेरिकेतल्या कॉलेजांनी त्यावर तोडगा काढला: छपराखालचं मैदान! एनसीएए या तिथल्या कॉलेज-क्रीडा संघटनेने १९६५ साली डेट्रॉइटच्या कोबो हॉलमध्ये पहिली इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा भरवली. फक्त मुलांची, बरं का! एनसीएएच्या या स्पर्धेत मुली उतरल्या त्या १९८३ साली. म्हणजे तब्बल १८ वर्षांनी! सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींना डावलायचं नाही, असा कायदा १९७२ सालीच झाला होता. तरी पुढे अकरा वर्षं गेलीच. कायदा कागदावरून खाली उतरायला किती वेळ लागतो, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं? मुलींचं पहिलं सांघिक विजेतेपद नेब्रास्का विद्यापीठाने पटकावलं. जमैकाची मर्लिन ओटी तिथलीच विद्यार्थिनी. ऑलिंपिकची नऊ पदकं तिच्या नावावर आहेत.